किती बोटं

"डोळ्यात काही गेलं होतं का?" डॉक्टर संयोगिता यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

सात वर्षांच्या वर्षाराणीनं मान हलवली. "काय न्हाय गेलं." आणि आजोबांचा डावा हात आणखी घट्ट धरला.

उजवा हात सयाजीआबांनी सदऱ्याच्या खिशात घातला होता. कोडोलीहून एसटीत बसल्यापासून तो तिथंच होता.

पोरीचा मोतीबिंदू काढून आज नववा दिवस. परवापर्यंत डोळा कसा नितळ होता. पोर अंगणातनं जोतिबाच्या डोंगरावरचे दिवे मोजायची. दिवे उरायचे, आकडे संपायचे. आज पापणी सुजलेली, कडेला पू. आतपर्यंत संसर्ग गेलाय, डॉक्टर सांगत होत्या, लगेच ऑपरेशनला घ्यावं लागेल. काय गेलं ते कळलं तर औषध नेमकं देता येईल. नाहीतर अंदाजानं, आणि अंदाजानं डोळा वाचेलच असं नाही.

"पाणी लागलं होतं?"

"थेंब न्हाय, मॅडम," आबा म्हणाले.

ते खरंच होतं. पाणी नको म्हटल्यावर नातीचं तोंडसुद्धा त्यांनी कोरड्या फडक्यानं पुसलं होतं. गुलालाचं कुणी काय बोललं नव्हतं. म्हणून तर परवा डोंगरावर नवस फेडून आले तसे, चपला काढायच्या आधी, त्यांनी पोरीच्या कपाळाला मूठभर गुलाल फासला. ती हसत होती. दिसतंय म्हणून डोळे उघडे ठेवून हसत होती.

एसटीत तीच म्हणाली होती, "मी न्हाय सांगत, आबा. पप्पा वरडतील तुमाला."

डॉक्टरांनी तिचा चांगला डोळा झाकला, सुजलेली पापणी दोन बोटांनी अलगद उघडली. "आबा, समोर उभे राहा. हात वर करून बोटं दाखवा. तुमचा हात ती ओळखेल."

"कुठला?"

"कुठलाही."

डावा पोरीनं सोडला नाही. आबांनी खिशातला बाहेर काढला. तीनदा साबण लावलेला हात.

"किती बोटं, बाळा?"

वर्षाराणी बघत राहिली. बराच वेळ.

"बोटं न्हाईत दिसत, आबा," ती म्हणाली. "गुलाबी दिसतंय."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. आबांचा हात तसाच वर राहिला, डोंगराकडं तोंड करून चांगभलं म्हणताना राहतो तसा.