न हललेला चहा

माझ्या नवऱ्याचा, क्लाइव्हचा, खेळण्यातल्या मोटारी पळवायचा ट्रॅक माळ्यावर, बरोबर आमच्या पलंगाच्या वर आहे. मोटारी सुटल्या की छत घुमायचं आणि माझं डोकं ठणकायचं. "ट्रॅकखाली काहीतरी मऊ घाल ना," मी विनवायची. "लाकूड आहे, थरथरणारच. तुझेच कान नाजूक," तो म्हणायचा. शेवटी उशी उचलली आणि कित्येक वर्षं खाली सोफ्यावर काढली. शनिवारी नॉटिंगहॅमहून त्याचे क्लबातले मित्र आले आणि त्यांच्यादेखत त्याची लाडकी लाल मोटार त्या थरथरीने ट्रॅकच्या खाचेतून उडून भिंतीवर आपटली. रविवारी त्याने अख्ख्या ट्रॅकखाली रबर अंथरलं. मग मला वर बोलावून माझा चहाचा कप ट्रॅकच्या काठावर ठेवला आणि मोटार सोडली. "बघ मॉरीन, चहावर तरंगसुद्धा नाही! आणि काम किती? एका दुपारचं!" मी कप उचलला. माझ्या हातात येताच चहा हिंदकळून सांडायला लागला.