पाच सामने जास्त

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे तीस संघ येत्या हंगामात मिळून एक हजार तीनशे ऐंशी सामने जिंकणार होते. सामने मात्र एक हजार दोनशे तीसच व्हायचे होते.

दीपाली कांबळेने बेरीज पुन्हा केली. उत्तर तेच आले. बास्केटबॉलमध्ये सामना बरोबरीत सुटत नाही. एक संघ जिंकतो, दुसरा हरतो, आणि विजयांची संख्या सामन्यांच्या संख्येपुढे जाऊ शकत नाही. इथे ती दीडशेने पुढे गेली होती.

हडपसरच्या आयटी पार्कमधल्या या विभागाचे काम एवढेच होते. प्रत्येक संघ किती सामने जिंकेल याचा आकडा संगणक काढून देई. मग ज्याच्याकडे तो संघ असेल तो विश्लेषक स्वतःच्या बुद्धीने त्या आकड्यात दुरुस्ती करी. कोणाचा गुडघा दुखावला आहे, कुठे प्रशिक्षक बदलला आहे, हे संगणकाला कळत नाही, म्हणून ही मुभा होती. जास्तीत जास्त पाच सामने वर किंवा पाच खाली. पूर्वी तीस विश्लेषक होते. गेल्या वर्षीच्या मंदीत सहा जणांना काढले आणि त्यांचे संघ उरलेल्या चोवीस जणांत वाटून दिले. दीपाली संख्याशास्त्राची एम.एस्सी. होती आणि सगळ्यांचे आकडे तपासून ते अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाकडे पाठवत असे.

चूक संगणकाची नव्हती. त्याच्या मूळ आकड्यांची बेरीज बाराशे तीसच होती. तिने दुरुस्त्यांचा रकाना उघडला. तीसही संघांपुढे पाच होते. तीसही पाच वरच्या दिशेने होते. कारणे मात्र निरनिराळी होती आणि नीट लिहिलेली होती. एका संघाला नवा प्रशिक्षक मिळाला होता, दुसऱ्याने जुना टिकवला होता. एका संघात तरुण खेळाडूंचा जोम होता, दुसऱ्यात ज्येष्ठांचा अनुभव.

"आशावाद हा गुन्हा आहे का, मॅडम?" शेजारच्या टेबलावरचा विश्लेषक शौनक खुर्ची न वळवता म्हणाला. "तसं असेल तर हडपसरच्या स्टॉपवर पीएमटीच्या बसची वाट बघणारे सगळे आत जातील."

दीपाली हसली नाही. ती कौशल्याच्या टेबलाशी गेली. कौशल्याकडे तळाचा संघ होता. त्याचे दोन मुख्य खेळाडू उन्हाळ्यातच सोडून गेले होते.

"हा संघ संगणकाच्या आकड्यापेक्षा पाच सामने जास्त जिंकेल, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"नाही," कौशल्या म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारले, "मागच्या वर्षी जे सहा जण गेले ना, त्यांनी काय केलं होतं आठवतंय? सगळ्यांनी आपापले आकडे खाली आणले होते. माझ्या मिस्टरांची कंपनी मार्चमध्ये बंद पडली, मॅडम. घरात आता मी एकटीच कमावते. मला वाटलं, बाकीचे खरं लिहितील. माझ्या एकटीच्या पाचानं बेरजेला काय होतंय?"

दीपाली आणखी तिघांशी बोलली. तिघांनीही जवळपास हेच सांगितले.

जागेवर परतून तिने प्रत्येक संघाचे पाच सामने वजा केले. बेरीज जुळली. गोष्ट मिटली असे समजून ती विभागप्रमुख श्रीधर आपटे यांच्या केबिनमध्ये गेली आणि झाला प्रकार तिने सांगितला.

"त्या सहा जणांचा आकड्यांशी काहीही संबंध नव्हता," श्रीधर म्हणाले. "ते सगळ्यात शेवटी नोकरीला लागले होते, म्हणून आधी गेले."

"मग सहाही जणांचे आकडे खालीच कसे होते?"

"नवीन होते हो. जे दिसत होतं ते लिहीत होते." श्रीधरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते राहू दे. आज सकाळी गिऱ्हाईकाचा मेल आलाय. या हंगामाच्या भाकितांपासून त्यांना एकच माहिती हवी आहे. संगणकाने लावलेला संघांचा क्रम आपल्या माणसांमुळे किती बदलतो? बदलत नसेल तर त्यांना संगणक पुरे आहे. या महिन्याअखेर विभाग बंद. किती बदलला?"

दीपाली उभीच राहिली. प्रत्येक आकड्यात पाच मिळवले काय किंवा प्रत्येकातून पाच वजा केले काय, पहिला संघ पहिलाच राहतो आणि तिसावा तिसावाच. हे शाळेत शिकवतात.

"बदलला नाही, सर. एकाही संघाची जागा हललेली नाही."

श्रीधरांनी तो मेल पुन्हा उघडून वाचला. मग म्हणाले, "दोन-चार संघ वर-खाली करा ना. त्यांना काय कळणार आहे?"

"वर कोणाला घ्यायचं ते सोपं आहे. सगळेच तयार आहेत. खाली कोणाला घालू, ते तेवढं आपण सांगा."

श्रीधरांनी काचेतून हॉलकडे पाहिले. हॉलमध्ये चोवीस जण पडद्यांकडे पाहत बसले होते. कौशल्या कोणाशी तरी फोनवर बोलत होती. त्यांनी नाव घेतले नाही. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "जे आहे ते लिहा."

दीपालीने बाहेर येऊन उत्तर लिहायला घेतले. विभाग गेला की विभागाची तपासनीसही जाणार, हे तिला वेगळे सांगावे लागले नव्हते. माणसांनी केलेल्या दुरुस्तीमुळे क्रमात पडलेला फरक शून्य आहे, असे तिने पहिल्या वाक्यात लिहिले. असे का झाले, हे गिऱ्हाईकाने विचारले नव्हते. पण कारणाशिवाय निष्कर्ष देण्याची तिला सवय नव्हती. तिने दुसरे वाक्य लिहिले आणि मेल पाठवला.

"चोवीसही जणांना आपापली नोकरी टिकवायची होती."