तोंड फिरवलेली मेरीमाता

लग्न होऊन अमेरिकेतल्या बफेलो शहराजवळच्या पोलिश वस्तीत आलेली हॅलिना रोज एकेक गल्ली पालथी घालायची. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली सगळी घरं एकसारखी, अन् अंगणाअंगणात रस्त्याकडे बघणारी मेरीमातेची मूर्ती. ब्रोनेककाकांच्या अंगणातली तेवढी बाजूला तोंड फिरवून उभी.

"म्हाताऱ्याचं मेरीमातेशीसुद्धा पटत नाही!" सासूबाई फणकारल्या.

हॅलिनाला राहवेना. तिनं काकांनाच गाठलं.

"शेजारची पेलागिया चार महिने अंथरुणाला खिळलीय," काका म्हणाले. "खिडकीतून तिला मातेचं तोंड दिसावं, म्हणून मूर्ती वळवली."

"किती बरं वाटलं असेल त्यांना! काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? नऊ वर्षं झाली, आमची बोलचाल नाही."