जाळीचा ठराव

रविवारी पाड्यातल्या पाच ख्रिस्ती घरांच्या प्रार्थनाघराची खिडकी कुणीतरी दगड मारून फोडली. कुणी, ते कुणीच सांगत नव्हतं. आज ग्रामसभेत तोच दगड टेबलावर होता आणि ग्रामसेवक ठराव वाचत होते : पेसा कायद्याखाली आदिवासी गावाला मिळणाऱ्या निधीतून प्रार्थनाघराच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवाव्यात.

"त्यांच्या देवाला आपला निधी कशाला?" हरेश ओरडला. सात-आठ जणांनी माना डोलावल्या.

बायकांमधून बायडी उठली. सरळ टेबलापाशी गेली आणि तिने तो दगड उलटा केला. खालची बाजू काजळीने काळी झालेली होती.

"हा चुलीचा दगड, भाऊसाहेब. माझ्या दारातली पाणी तापवायची चूल तीन दगडांची. रविवारपासून दोनच उरलेत."

ग्रामसेवकांचं पेन थांबलं.

"थांबू नका, ठराव लिहा. जाळ्या मोखाड्यातून आणा, पण बसवायला मिस्त्री नको. माझा नवरा बसवील."

मग ती हरेशकडे वळली.

"ऊठ. खिडकीचं माप घ्यायचंय."