मराठी आवाज

"झाला काय बॅकअप?" रूपरावांनी पुन्हा विचारलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर 'पूर्ण झाला' असं केव्हाचंच आलं होतं. सुमतीबाईंनी चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अजून नाई. चालूच आहे."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस जरा जास्तच बोलतो. "रजतचे फोटो पुष्कळ आहेत ना, त्याच्यानं वेळ लागून राह्यला," हेही त्यांनी वर जोडून दिलं.

बोरगाव मेघेतल्या त्या घरात जेवणं आटोपली होती. पुसलेल्या टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेला रूपरावांचा फोन, बाईंचा पाण्याचा गिलास आणि घडीही न मोडलेला पेपर. रोज या वेळी सुमतीबाई पेपर वाचून दाखवत. रूपराव हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि मागोमाग त्यांची नजर गेली, तेव्हापासूनचा हा नेम. मग मुलाने, रजतने, आपला जुना फोन दिला. हा फोन पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचा. बँकेचे मेसेज, विजेचं बिल, कोणाचा फोन आला, किती वाजले, सारं तोच सांगू लागला आणि एकेक काम बाईंच्या हातून सुटत गेलं. पण त्याचा आवाज पडला हिंदी. मराठी पेपर तो असा वाचायचा, की रूपरावांनी जन्मभर ज्या पोरांचे कान पिळले ती पोरं बरी. त्यामुळे तेवढी दुपार बाईंकडे उरली होती.

आता तीही जाणार होती. मराठी आवाज मिळाला तो नव्या फोनांना. जुन्यात तो बाहेरून बसवायचा तर आधी कंपनीने लावलेलं कुलूप काढावं लागतं, त्याला जेलब्रेक म्हणतात, हे रूपरावांना जाम गावच्या भूपेंद्रने सांगितलं. त्यालाही दिसत नाही, पण त्याचा फोन फाडफाड मराठी वाचतो. चुकलं तर फोन कायमचा मुका होईल, तयारी नीट करा, असंही त्याने बजावलं होतं. रूपराव मुळात ताकही फुंकून पिणारे. त्यांनी अमावास्या जाऊ दिली, फोन पुरता चार्ज केला, त्याचा पासवर्ड काढून टाकला, वायर फोनसोबत आलेलीच आहे ना ते दोनदा चाचपलं. बॅकअप तेवढा राहिला होता. लॅपटॉप काही बोलत नव्हता, तिथे डोळे बाईंचेच लागत.

"सत्याग्रहात आपल्या जिल्ह्यातल्या लोकायनं जेल भरले," सुमतीबाई म्हणाल्या. "तोडाले तुम्हीच निंगाले."

रूपराव हसले नाहीत. मान जराशी कलती करून ते ऐकत होते.

"सुमती, लॅपटॉपचा पंखा कवाचा थांबला."

बाईंनी चष्मा पुन्हा वर सरकवला.

"झाला न बॅकअप?"

"झाला."

"मंग सांगत काऊन नाई?"

खोटं पकडलं गेल्याची लाज वाटली. बाईंनी पेपर उगाच सरळ केला.

"नाई जमलं तर?"

"मंग फोन मुका. पुन्हा सारं तुयाच मानेवर."

हे ऐकून क्षणभर बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच सुमतीबाईंना भीती वाटली. नजर गेल्यावर पहिल्यांदा या माणसाने स्वतःचा मेसेज स्वतः ऐकला, तेव्हा तो किती वेळ तोच तोच ऐकत बसला होता, ते त्यांनी पाहिलं होतं.

"अन् जमलं तर?"

"जमलं तर उद्यापासून दुपारी जरा पडत जाजो." रूपराव खुशीत आले, बायकोसाठी पाटल्या करून आणल्यासारखे. "मायासाठी किती घसा कोरडा करशील? परवा अग्रलेख वाचता वाचता तुले ठसका लागला, मले आयकवलं नाई."

"मी म्हणलं काय कधी, मले त्रास होते म्हणून?"

"तू कायले म्हणशील."

रूपरावांनी फोन हातात घेतला. दोन्ही बटणं एकदम दाबायची, फोन काळा होईल, मग लॅपटॉपवर आकडे उलटे उतरू लागतील. शेवटचा आकडा आला की एक बटण सोडायचं. मागेपुढे झालं तर काय, हे भूपेंद्रने सांगितलं नव्हतं आणि रूपरावांनी विचारायची हिंमत केली नव्हती.

"तू मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "तू म्हणशील तवाच सोडतो."

त्यांनी बटणं दाबली. फोन हिंदीत काहीतरी सांगत होता, तो अर्ध्या शब्दात बंद पडला. त्याच्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की घर एकदम रिकामं वाटलं.

"वाच."

पडद्यावर आकडे उतरू लागले. एखादा गाळला असता, एखादा लांबवला असता, तरी कोणाला कळणार नव्हतं. सुमतीबाई ताठ बसल्या आणि पेपर वाचताना लावत तोच आवाज लावून वाचू लागल्या. प्रत्येक आकडा त्यांनी त्याच्या वेळेवर वाचला. मध्येच आवाज चिरकला, तरी त्या थांबल्या नाहीत.

रूपरावांनी एका हाताने बटणं घट्ट धरली होती. दुसरा हात टेबलावर चाचपडत गेला, त्याला पाण्याचा गिलास सापडला, आणि रोजच्यासारखा त्यांनी तो बाईंकडे सरकवला.