वीस फुटी अभिनंदन

लष्कराच्या सायबर युद्ध विभागात माझी निवड झाली तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, कुणाला कळता कामा नये. नेमणुकीचं पत्र मी फक्त आईला दिलं, देवापुढं ठेवायला. महिन्यानं सुट्टीवर आले, तर मलकापूरच्या स्टँडवर वीस फुटी फ्लेक्स. 'गुप्तहेर खात्यात निवडीबद्दल राजनंदिनीचे हार्दिक अभिनंदन.' कोपऱ्यात माझा वर्दीतला फोटो, खाली शिक्क्यासकट ते पत्र, मधोमध, माझ्या चौपट, गॉगल लावलेले काका. त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं. शत्रूला वर्षभर खपून जे मिळालं नसतं, ते यांनी एसटीची वाट बघणाऱ्यांना वाचायला दिलं. "काका, हे गुपित होतं." "व्हय की. म्हणूनच पत्र बारीक छापलंय न्हवं." आठवड्यात नेमणूक रद्द झाली. माझ्या फोटोवर काकांनी दहावी पास झालेल्या भाचीचा फोटो चिकटवला, स्वतःचा तेवढा ओल्या फडक्यानं पुसून घेतला.