चौथा महिना

गौरीला नैवेद्य दाखवायला नातीला बसवताना सासूबाई खुशीत म्हणाल्या, “यंदा श्रावणापासून एकाही सणाला जान्हवीला अडचण नाही. देवीचीच कृपा.” रुचिराने मनातल्या मनात महिने मोजले. लेकीसाठी मे महिन्यात आणलेलं पॅडचं पाकीट अजून फोडलेलंच नव्हतं. पूजा आटोपताच तिने पोरीला आतल्या खोलीत गाठलं. जान्हवी मोबाइलवर धावपटू मुलींचे व्हिडिओ बघत होती. शर्यतीआधी घाबरणाऱ्या, हरल्यावरही खिदळणाऱ्या त्या सतरा-अठराच्या पोरी रुचिरालाही आवडायच्या. त्यांच्यामुळेच लेक पहाटे उठून कांदिवलीच्या मैदानावर पळायला लागली होती. “पाळी येऊन किती महिने झाले गं?” “चार. टेन्शन नको घेऊ ना, आई. ही बघ, हिला तर वर्षभर नाही आली. म्हणते, म्हणजे ट्रेनिंग मस्त चाललंय.” पडद्यावरच्या मुलीच्या गळ्याखालची हाडं मोजता येत होती. रुचिराने भीत भीत लेकीच्या गळ्यावरची ओढणी बाजूला केली.